कृष्णेच्या डाव्या तीरावरचा लोहमार्ग

आल्प्सच्या दक्षिण उतारावर वसलेल्या स्लोव्हेनिया या लहानशा देशाचे क्षेत्रफळ सुमारे २० हजार चौरस किलोमीटर आहे. आपले सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकत्र मांडले तर तेही १९ हजारांच्या घरात जातात, आणि लोकसंख्येचा हिशेब केला तर २०११ च्या जनगणनेत ५८ लाखांवर गेलेला हा आपला मुलूख त्या सार्वभौम राष्ट्राच्या अडीचपटीहूनही मोठा ठरतो. त्या देशातील सोचा नदीवर सोल्कानचा पूल आहे. त्याची ८५ मीटरांची दगडी कमान रेल्वेच्या दगडी कमानींमध्ये जगात सर्वांत मोठी मानली जाते. तो १९०६ साली वाहतुकीस खुला झाला, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झाला आणि पुढे पुन्हा दगडातच बांधून काढण्यात आला, ही सारी हकीकत हजारो कोसांवरून येणाऱ्या रेल्वेरसिकाला तेथे पाऊल ठेवण्यापूर्वीच ठाऊक असते. कारण त्या देशाने आपल्या लोहमार्गाचा इतिहास जपून ठेवला आहे, राजधानी ल्युब्लियाना येथील जुन्या इंजिनशेडमध्ये रेल्वेचे संग्रहालय थाटले आहे, आणि युरोपातील अशा छोट्या देशांच्या रेल्वेविषयी स्टेशनवार, पूलवार, बोगदेवार माहिती देणाऱ्या मार्गदर्शिका निघतात व वाचल्या जातात.

पुण्याहून मिरजेपर्यंतचा आपला लोहमार्ग सुमारे २८० किलोमीटर लांबीचा आहे, म्हणजे लक्झेंबर्ग या देशात जेवढे रूळ सर्व मिळून आहेत जवळजवळ तेवढा हा एकच मार्ग आहे. दुष्काळ, संस्थानी कारभार, कारखानदारी, स्वातंत्र्यसंग्राम, संगीत आणि पाणी अशा नाना विषयांचे धागे या मार्गाच्या एकेका स्टेशनाशी गुंतलेले आहेत. तरीसुद्धा या मार्गाने नित्य जाणाऱ्या प्रवाशाच्या हाती, किंवा साताऱ्याच्या आणि सांगलीच्या शाळेतल्या मुलाच्या हाती, हा मार्ग समजावून सांगणारे एखादे सुटसुटीत आणि साक्षेपी मराठी पुस्तक ठेवावे अशी तजवीज कोणी केलेली दिसत नाही. ती व्हावी, आणि मार्गाच्या दुपदरीकरणाने जुन्या खुणा झपाट्याने पुसल्या जात असताना ती आताच व्हावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

या मार्गाचा उगम दुष्काळात आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर आणि कर्नाटकावर जो भयानक दुष्काळ कोसळला, त्याने सरकारला हे शिकवले की एका प्रांतात धान्य असून उपयोग नाही, ते उपाशी माणसापर्यंत वेळेत पोहोचवणारी वाट हवी; आणि त्यातूनच १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी अस्तित्वात आली. थोड्या खर्चात अधिक मुलूख जोडावा या धोरणानुसार तिने रुंद रुळांऐवजी एक मीटर रुंदीचे रूळ पत्करले, आणि १८९० च्या सुमारास पुण्यापासून मिरज, बेळगावावरून लोंढ्यापर्यंत गाडी सुरू झाली. पुढे १९०८ साली मद्रास रेल्वेशी तिचे एकीकरण होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. त्या लांबलचक नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार करण्याची सवय आपल्याकडच्या वृद्धांना अगदी कालपरवापर्यंत होती.

आता वाचकाने एखादा बरासा नकाशा समोर घ्यावा आणि वाठारपासून मिरजेपर्यंत या मार्गावरून बोट फिरवावे. दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतर हा मार्ग कृष्णेच्या सान्निध्याने जातो, कधी तिच्या अगदी काठाशी येतो, कधी दोन-चार कोस दूर सरतो, पण तिला एकदाही ओलांडत नाही. आरंभापासून अखेरपर्यंत तो नदीच्या डाव्या, म्हणजे पूर्वेकडच्या तीरानेच चालतो. याचे मर्म नकाशाच सांगतो. सह्याद्रीच्या माथ्यावरचे प्रचंड पर्जन्य घेऊन येणाऱ्या वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना आणि वारणा या सगळ्या नद्या कृष्णेला पश्चिमेकडून मिळतात. पूर्वेकडून येणाऱ्या वसना आणि येरळा या अवर्षणाच्या प्रदेशातून येतात आणि वर्षाचा बराच काळ वाळूतच असतात. डाव्या तीराने गेलेल्या मार्गाला मोठ्या नद्यांवरील पुलांचा खर्च आणि पुराची धास्ती दोन्ही चुकतात. मिरज गाठल्यानंतर मात्र कृष्णा ओलांडल्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि मग कोल्हापूरची वाट एका ठिकाणी व बेळगावची वाट दुसऱ्या ठिकाणी तिच्यावरून जाते. रेल्वेच्या मार्गदर्शिकेतले पहिले प्रकरण याच एका गोष्टीचे असावे असे मला वाटते. कारण एकदा ती ध्यानात आली की साताऱ्याचे स्टेशन गावापासून दूर का, कऱ्हाडचे स्टेशन कऱ्हाडात नसून ओगलेवाडीला का, असल्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. सातारा आणि कऱ्हाड ही दोन्ही नगरे नदीच्या पलीकडे आहेत. गाडी अलीकडेच राहिली.

मीटरगेजच्या काळात तर साताऱ्याचा प्रवासी सातारा रोड या स्टेशनावर उतरून पुढचे सुमारे १० मैल टांग्याने किंवा मोटारीने जाई. त्या स्टेशनाच्या आश्रयाने वाढलेल्या वस्तीचे सातारा रोड हे नाव आजही कायम आहे. १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झालेले साताऱ्याचे धनजीशा कूपर यांचा यंत्रांचा कारखाना उभा राहिला तोही तेथेच. महाबळेश्वरला आणि पाचगणीला जाणारे मुंबईचे साहेबलोक आणि धनिक वाठारला उतरत. वाई आणि पसरणीचा घाट या वाटेने त्यांच्या मोटारी वर चढत, आणि त्या दिवसांची खूण म्हणून ते गावही वाठार स्टेशन याच नावाने ओळखले जाते. १९७१ च्या सुमारास पुणे ते कोल्हापूर ब्रॉडगेज झाले, तेव्हा मार्ग जरंडेश्वराच्या डोंगराला वळसा घालून पश्चिमेकडे माहुलीजवळ नेण्यात आला आणि साताऱ्याच्या नावाचे स्टेशन नगराच्या कितीतरी जवळ आले. नकाशावर कोरेगावापूर्वी हा जो विलक्षण वाकडा फेरा दिसतो त्याचे कारण हे आहे.

कऱ्हाडपासून पुढचा पट्टा मला या सबंध मार्गात सर्वाधिक मोलाचा वाटतो. ओगलेवाडीला १९१६ साली काचेचा कारखाना निघाला आणि तेथला प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. त्याच्या पुढे शेणोली. इंग्रजी अमलाला समांतर कारभार चालवणाऱ्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या सैनिकांनी ७ जून १९४३ रोजी येथे पुणे–मिरज गाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम हस्तगत केली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र लाड यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या धाडसात भाग घेणारे बहुतेक जण या रुळांच्या दुतर्फा असलेल्या शेतांतून राबणारी कोवळी पोरे होती. ज्या गाडीची वेळ त्यांच्या शेतकामाचे घड्याळ होती, त्याच गाडीवर परकीय सत्तेचा पैसा जातो हे त्यांना नेमके ठाऊक होते. शेणोलीच्या स्टेशनावरून रोज हजारो लोक जातात, आणि हा इतिहास ज्यांना ठाऊक आहे असे त्यांतले थोडे, ही गोष्ट मनाला फार लागते.

आणखी थोडे पुढे गेले की किर्लोस्करवाडी लागते. हे स्टेशन पूर्वी कुंडल रोड या नावाचे होते आणि भोवती निवडुंगाच्या माळाखेरीज काही नव्हते. बेळगावातून आपला नांगराचा कारखाना हलवणे भाग पडलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हा माळ देऊ केला, आणि १९१० साली लक्ष्मणरावांनी तो पत्करला. त्या उजाड जागेचा एकमेव ऐवज म्हणजे तिच्या कडेने जाणारा लोहमार्ग हा होता. कोळसा आणि कच्चे लोखंड आत यायला आणि लोखंडी नांगर बाहेर जायला दुसरी वाटच त्या काळी नव्हती. रूळ नसते तर एवढ्या मोठ्या उद्योगाची पायाभरणी तेथे होणे अशक्य होते. पुढे १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ आणि १९३० पासून ‘स्त्री’ ही मासिके याच आडवळणाच्या गावातून निघून टपालाने महाराष्ट्रभर जाऊ लागली, आणि मराठी मध्यमवर्गाचे वैचारिक जीवन एका लहान स्टेशनाच्या गावी घडू लागले. अशी दुसरी उदाहरणे जगातही थोडीच सापडतील. भिलवडीला भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली दुधाचा धंदा सुरू केला ते ठिकाणही याच मार्गावरचे.

सांगलीची कथा वेगळी आहे. मीटरगेजचा मुख्य मार्ग सांगलीला बगल देऊन जात असे; म्हणून १९०७ साली सांगली संस्थानच्या मालकीचा सुमारे ५ मैलांचा एक फाटा मिरजेपासून थेट सांगली नगरात नेण्यात आला. हळदीच्या आणि गुळाच्या पेठेला त्याने बाहेरच्या जगाचे दार उघडले. कोल्हापूर संस्थानने आपला मिरज–कोल्हापूर मार्ग १८९१ मध्येच पुरा केला होता. त्या मानाने सांगलीचा फाटा अगदी छोटा. पण स्वतःच्या खजिन्यातून, स्वतःच्या पेठेसाठी रूळ टाकणाऱ्या दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांच्या दूरदृष्टीची साक्ष म्हणून त्याचे मोल कमी नाही. ब्रॉडगेज आले तेव्हा मुख्य मार्गच विश्रामबाग आणि सांगलीवरून माधवनगरकडे वळवण्यात आला, जुना फाटा निरुपयोगी झाला आणि नगरातले ते स्टेशन नाहीसे झाले. सांगलीच्या भर वस्तीत ज्या ठिकाणी वसंतदादांचा पुतळा आहे त्याला स्टेशन चौक म्हणतात, आणि तेथे उभे राहून स्टेशन कोठे आहे असे विचारणाऱ्या परगावच्या माणसाला रिक्षावाला दुसरीकडेच घेऊन जातो. त्या चौकात चार ओळींचा एक फलक लावण्यास महानगरपालिकेला असा कितीसा खर्च येईल? सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मुळात एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झालेला जिल्हा १९६० साली सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. म्हणून या मार्गदर्शिकेची हद्दही जिल्ह्याच्या सरहद्दीने तोडू नये.

मिरज हा या सबंध ग्रंथाचा मध्यवर्ती अध्याय होईल. १९७१ पासून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत, म्हणजे सुमारे वीस वर्षे, या एका जंक्शनात तीन वेगवेगळ्या रुंदींचे रूळ नांदत होते: पुण्याकडून येणारे ५ फूट ६ इंचांचे, बेळगाव–हुबळीकडे जाणारे एक मीटरचे, आणि पंढरपूरकडे जाणारे अवघे २ फूट ६ इंचांचे. मुंबईहून गोव्याला किंवा बेळगावला निघालेले कुटुंब रात्रभराचा प्रवास करून पहाटे मिरजेला उतरे, आणि ट्रंका, वळकट्या, फिरकीचा तांब्या आणि झोपेने जडावलेली मुले सावरीत मीटरगेजच्या फलाटाकडे धाव घेई. मालाच्या यार्डात तर दोन मापांच्या वाघिणी शेजारी शेजारी उभ्या करून, एकीच्या दारातून दुसरीच्या दारात फळी टाकून, हमाल पाठीवरून पोते न् पोते पलीकडे नेत. एका वाघिणीची तळफळी उंच, दुसरीची ठेंगणी, त्यामुळे फळी नेहमी तिरपी बसे, आणि भरल्या पोत्यासह त्या उतारावर पाय रोवण्याचे कसब अंगी असलेला हमालच तेथे टिकू शके. हे काम करून आयुष्य काढलेली माणसे आता अतिशय वृद्ध झाली आहेत. त्यांची जबानी टिपून ठेवणे हे इतिहासकारांचे कर्तव्य आहे, आणि त्याला फार वर्षांची मुदत उरलेली नाही.

पंढरपूरकडे जाणाऱ्या त्या चिमुकल्या रुळांची हकीकत तर युरोपीय रेल्वेरसिकांनाही मोहात पाडणारी आहे, आणि खेदाची गोष्ट ही की ती आपल्यापेक्षा त्यांनाच अधिक माहीत आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरचा सिद्धान्त असा होता की गाडीचे वजन प्रत्येक आसावर समान वाटून दिले आणि कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू दिला नाही, तर अगदी हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. १८९४ साली त्याने इंग्लंडमध्ये लीड्सजवळ आपली वाहने चालवून दाखवली, आणि १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा आपल्या देशात सुरू केला. ती गाडी १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली, आणि १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड ही सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्वेची स्टेशने तिने जोडली. आषाढी-कार्तिकीला तिच्या डब्यांत टाळ-मृदंगाचा गजर चाले. पंढरपूर ते मिरज हा तिचा टप्पा २०१० च्या सुमारास ब्रॉडगेज झाला.

आणि लवकरच या बदलाचे सार्थक झाले. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहर तहानेने व्याकूळ झाले, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या फेरीत १० टँकरांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी गेले, आणि काही दिवसांतच ५० टँकरांच्या गाड्या धावू लागल्या. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या वाटेने सुमारे ३४० किलोमीटर गेलेली ‘जलदूत’ नावाची ती गाडी बहुतांशी बार्शी लाइट रेल्वेच्या जुन्या मार्गानेच, पण नव्या रुंद रुळांवरून गेली. जुने अरुंद रूळ असते तर राजस्थानातून कोट्याहून धुऊन आणलेले ते टँकर मिरजेच्या पुढे एक पाऊल टाकू शकले नसते. दुष्काळाच्या निवारणासाठी जन्मलेल्या या प्रदेशातील लोहमार्गाने सव्वाशे वर्षांनंतर दुष्काळाचेच काम करावे, यात या मार्गाच्या आयुष्याची एक संगती मला दिसते.

मिरजेची म्हणून आणखी एक आठवण मार्गदर्शिकेत यावी. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला येऊन राहिले. १९३७ साली पाँडिचेरीकडे जात असता गाडीत त्यांना अस्वस्थ वाटू लागले, सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले, आणि त्या फलाटावरच त्यांनी देह ठेवला. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. मिरज स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या रसिकाला तिचा रस्ता कोणी तरी दाखवायला हवा.

आता व्यवहाराकडे वळू. या मार्गाचा इतिहास लिहिणाऱ्याची मुख्य अडचण ही आहे की त्याचे दफ्तर एका जागी राहिलेले नाही. मार्ग मद्रासच्या कंपनीचा होता, १९५१ साली तो दक्षिण रेल्वेकडे गेला, १९६६ साली हुबळी विभागासह दक्षिण मध्य रेल्वेकडे आला, आणि आज मध्य रेल्वेच्या १९९६ साली स्थापन झालेल्या पुणे विभागात आहे, तर मिरजेच्या दक्षिणेचा भाग नैर्ऋत्य रेल्वेकडे आहे. प्रत्येक बदलीत नकाशे, हुकूमनामे आणि पत्रव्यवहार यांची गाठोडी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातात, आणि वाटेत काय गळते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. हुबळीकरांनी मात्र २०२० साली आपल्या नगरात रेल्वेचे संग्रहालय उघडून सदर्न मराठा रेल्वेच्या वारशावर आपला हक्क सांगितला, याबद्दल त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. मिरजेचा हक्क त्यांच्याहून कमी नाही. तिन्ही रुंदींचे शंभर-शंभर फुटांचे रूळ एकमेकांशेजारी टाकून त्यांवर प्रत्येकी एक डबा उभा करावा, एवढे जरी मिरज स्टेशनच्या आवारात झाले तरी शाळेतल्या मुलाला तासाभरात जे कळेल ते दहा व्याख्यानांनी कळणार नाही.

मार्ग बदलतो आहे, आणि तो बदलला पाहिजे याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. विजेच्या तारा आल्या, दुसरा रूळ पडला, २०२१ पासून लोणंदहून फलटणला गाडी जाऊ लागली, २०२४ पासून वंदे भारत धावू लागली. कऱ्हाड–चिपळूणची तजवीज मात्र वर्षानुवर्षे कागदावरच आहे, आणि ती तेथून लवकर उतरावी. परंतु नवा फलाट बांधताना जुनी दगडी इमारत, पाण्याची टाकी, लोखंडी पाटी, कमानीची मोरी यांची निदान मोजमापे आणि छायाचित्रे घेऊन मगच हात घालावा, हा साधा दंडक पाळण्यास कोणत्या प्रगतीची आडकाठी आहे? एकदा कंत्राटदाराने राडारोडा उचलून नेला की मग कोणत्याही दफ्तरात शोधून काही हाती लागत नाही.

मार्गदर्शिका कशी असावी याचेही थोडे सांगतो. ती विद्वानांसाठी नसावी, पण विद्वानांना चूक काढता येऊ नये अशी असावी. महालक्ष्मी एक्स्प्रेस हा सारा प्रदेश रात्रीच्या अंधारात ओलांडते, म्हणून पाहणाऱ्याने दिवसाची कोयना एक्स्प्रेस किंवा सर्व स्टेशनांवर थांबणारी पॅसेंजर धरावी, हे तिने पहिल्याच पानावर सांगावे. दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताची खिडकी मिळवावी, कारण कृष्णा आणि सह्याद्री त्या बाजूस आहेत. श्रावण-भाद्रपदात आदर्कीचा घाट पाहण्यासाठी सालपे किंवा आदर्की येथे एक दिवस काढावा. प्रत्येक स्टेशनाला एक पान द्यावे: जुने नाव, उघडल्याचे साल, भोवतालच्या गावांचा माल, घडलेल्या घटना आणि पायी जाऊन पाहण्याजोग्या जागा. किर्लोस्करवाडीला दहा पाने लागली तर लागू द्यावीत, आणि आमणापूरला अर्धेच पुरले तर तेवढ्यावर थांबावे.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे, आणि रेल्वे खात्यावर सोडून स्वस्थ बसावे असेही नव्हे. विश्रामबागच्या स्टेशनाच्या परिसरातच १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा इतिहास विभाग आहे, साताऱ्यात आणि सांगलीत जुनी ग्रंथालये आहेत. यांपैकी कोणी पुढाकार घेतला तर विद्यार्थ्यांच्या चार तुकड्या चार पट्ट्यांत पाठवून एका उन्हाळ्यात स्टेशनांची पाहणी आणि निवृत्त सांधेवाले, गँगमन, गार्ड, हमाल यांच्या मुलाखती पुऱ्या होतील. रेल्वेने त्यांना यार्डात जाण्याचा परवाना आणि जुने नकाशे पाहण्याची मुभा द्यावी, आणि दोन्ही जिल्हा परिषदांनी छपाईचा खर्च उचलून पुस्तकाची एक एक प्रत आपल्या प्रत्येक शाळेत पाठवावी. लोकांनी आपापल्या घरातली जुनी तिकिटे, पास, रेल्वेतल्या आजोबांची सेवापुस्तके आणि फलाटावर काढलेली छायाचित्रे या कामासाठी पाहण्यास द्यावीत. पाहणीची सुरुवात मिरजेच्या जुन्या माल यार्डापासून व्हावी, कारण तेथली माणसे सर्वांत वृद्ध आहेत.